जो आधी ठोठावेल तो हरला

जगातल्या मोठमोठ्या गोष्टी राजांनी घडवल्या आणि सेनापतींनी तडीस नेल्या, असं तुमच्या पुस्तकांत लिहिलेलं असेल. मित्रांनो, ते साफ खोटं आहे. किल्ले टिकले ते आमच्या घराण्यामुळे, खजिने राहिले ते आमच्या घराण्यामुळे, आणि शत्रूच्या फौजा दाराशी येऊन डोकी आपटून परत गेल्या, त्याही आमच्यामुळेच. माणसाची अब्रू, त्याची झोप आणि त्याचा जीव आम्ही पिढ्यानपिढ्या सांभाळत आलो आहोत.

मी एक जुनी कडी आहे. बाथरूमची.

हसू नका. कोणाला किल्ला मिळतो, कोणाला बाथरूम मिळतं. मला लोखंडाची दांडी होती, समोर चौकटीवर कोयंडा होता, आणि मी त्यात शिरले की बाहेरच्या कोणाचीही आत यायची टाप नव्हती. एवढं भाग्य कित्येक मोठ्या माणसांच्या वाट्यालाही येत नाही.

माझा जन्मच मारातून झाला. मोडक्या सायकली, फुटके डबे आणि गंजलेले गज यांना एका भट्टीत कोंबून लाल होईपर्यंत भाजलं, त्यातून मी निघाले. मग एका यंत्राने अंगावर असा दणका घातला की मी चपटी झाले. दुसऱ्या यंत्राने माझ्या अंगात भोकं पाडली. ज्या वयात तुम्ही दुपट्यात हातपाय झाडत होता, त्या वयात मला तारेने गळ्याला बांधून दुकानात टांगलं होतं.

तिथून एका सुताराने मला आणलं. स्क्रू पिळून बसवायचे असतात. या गृहस्थाने ते हातोडीने ठोकले. पहिला घाव स्क्रूवर बसला आणि दुसरा त्याच्याच अंगठ्यावर. त्यानंतर तो जे बोलला, ते माझ्या कानावर पडलेलं माणसाचं पहिलं भाषण. ते मी इथे देत नाही. तुमचे आईवडील शेजारी बसून वाचत असतील.

ज्या घरात मी लागले, ते घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक अरुंद गॅलरी. घरात माणसं चार. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळी गल्ली उपायकाका म्हणायची. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, बोलायच्या कमी आणि फेकायच्या लांब. त्यांचा मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि मोठ्या आवाजाला घाबरायचा. आणि सूनबाई. ती एका बेकरीत कणीक मळायची. पोतंभर पिठाला रोज बुकलून काढणारे ते हात होते. ती दार नुसतं लावायची, तरी मला वाटायचं की भूकंप झाला.

काकांना उपाय या गोष्टीचं वेड होतं. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, रेडिओवर, रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे, जिथे मिळेल तिथून ते उपाय उचलून आणायचे. बूट भिजले तर आत कागदाचे बोळे कोंबा. किटलीत क्षार साचले तर लिंबाच्या साली घालून पाणी उकळा. कपड्यावर रक्ताचा डाग पडला तर गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने डाग पक्का होतो. या शेवटच्या उपायाची त्या घरात बरीच गरज पडायची, ते पुढे येईलच.

खरं सांगायचं तर त्यांचे बहुतेक उपाय लागू पडत. एकदा त्यांनी माझ्या दांडीवर मेणबत्ती घासली, तेव्हापासून मी अशी अलगद सरकू लागले की मलाच माझं कौतुक वाटलं. पण ज्याचे उपाय लागू पडतात, त्याला एक रोग जडतो. त्याला थांबता येत नाही.

आता भांडणांविषयी. मित्रांनो, प्रत्येक घरात भांडणं होतात. या घरात युद्धं होत. पंखा किती वेगाने फिरवायचा, ओला टॉवेल पलंगावर कोणी टाकला, भाजीत मीठ आहे की मिठात भाजी आहे, कारण कोणतंही पुरे. मग पातेली उडायची. भिंतीला खड्डे पडायचे आणि पातेल्यांना पोचे. काकांच्या भुवईवर बशीची खूण होती. मुलाच्या कपाळावर उलथन्याची खूण होती, आणि तो तर भांडणात नव्हताच, मधून पाणी प्यायला चालला होता. एकदा काकूंनी फेकलेला झारा खिडकीतून बाहेर गेला आणि रस्त्याने चाललेल्या एका माणसाच्या पिशवीत उतरला. तो माणूस झारा घेऊन निघून गेला. त्याचं काय चुकलं?

मग एक दिवस काका एक उपाय घेऊन आले. "राग आला की खोली बदलावी," त्यांनी जाहीर केलं. "थोडा वेळ एकटं बसलं की राग उतरतो. तज्ज्ञ सांगतात."

"खोल्या आहेत किती?" काकूंनी विचारलं.

आतून बंद होणारी खोली एकच होती. माझी.

तेव्हापासून घरात नियम झाला. ज्याला राग येईल त्याने बाथरूममध्ये जायचं आणि आतून कडी लावायची. आतल्याने आधी कडी काढली, तर आतला हरला. बाहेरच्याने आधी दार ठोठावलं, तर बाहेरचा हरला. जो हरेल त्याने "माझं चुकलं" म्हणायचं आणि विषय संपवायचा. दारावर वस्तू फेकून मारणं हे मात्र ठोठावणं धरलं जात नसे. याबाबत घरात पूर्ण एकमत होतं. बहुधा तेवढ्याच एका बाबतीत होतं.

माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस. बाहेरून पातेलं दारावर आदळायचं, आतून प्लास्टिकचा मग दारावर आपटून उत्तर दिलं जायचं. बाहेरून चप्पल, आतून तांब्या. घाव सगळे दारावर बसायचे, म्हणजे माझ्यावर, पण माणसांची डोकी फुटायची थांबली. पाहुणे आले की काका मला दाखवायचे. "ही आमच्या घरातली शांतता," असं म्हणायचे आणि माझ्या दांडीवर थाप मारायचे. कडीच्या जातीत असा मान आजवर कोणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

या खेळात सूनबाई कधी हरली नव्हती. ती आत गेली की घरातली माणसं शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायची. ती बाहेर असली की आतला माणूस शेवटी कंटाळून, गारठून, पायाला मुंग्या येऊन बाहेर यायचा. काकांचं तर तिच्यापुढे एकदाही चाललं नव्हतं. आत बसूनही त्यांना गप्प बसवत नसे. दाराआडून त्यांचे उपाय आणि टोमणे चालूच असत. शेवटचा शब्द त्यांचा असायचा, पण शेवटी कडीही त्यांनाच काढावी लागायची.

एकदा सूनबाईने दारावर अडकित्त्यासकट डबा फेकला आणि माझे ठोकलेले स्क्रू हलले. काकांनी लगेच बोटाएवढे लांब स्क्रू आणले, माझ्यामागे लोखंडी पट्टी घातली आणि एकेक स्क्रू घाम येईपर्यंत पिळला. "आता हत्ती आला तरी निघणार नाही," ते म्हणाले. मी फुशारले. कडीला याहून मोठं काय हवं असतं?

त्या वर्षी थंडी जोराची पडली. बाथरूममध्ये गॅसवर चालणारा गिझर होता आणि वर, छताजवळ, एक लहानशी खिडकी होती. त्या खिडकीतून गार वारं यायचं आणि ओल्या अंगाला सुरीसारखं कापायचं. काकांना उपाय सुचला. त्यांनी खिडकीवर फळी ठोकली, कडेने जुन्या रबरी ट्यूबचे तुकडे दाबून बसवले आणि दाराखालच्या फटीत गोणपाटाची गुंडाळी कोंबली. हातोडी त्यांनी आतच कोनाड्यात ठेवली. खोली अशी उबदार झाली की सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. सूनबाईनेसुद्धा.

मग घरातली डोकी दुखू लागली. काकू आंघोळ करून आल्या की कपाळ धरून बसायच्या. मुलाला मळमळलं, एकदा उलटी झाली, तर त्याचा दोष बेकरीतल्या पावाला दिला गेला. काकांनी कपाळाला लावायला बाम दिला, भरपूर पाणी प्या म्हणाले, आणि एक रामबाण उपाय सांगितला. "डोकं दुखतंय ना? मग गरम पाण्याने निवांत आंघोळ कर."

माणसं पुन्हा आत यायची. मी कोयंड्यात शिरायची. गिझरची ज्योत, जी आधी निळी असायची, ती आता पिवळी आणि लांब झाली होती. मला ती सुंदर दिसायची. मी कडी आहे, मला काय कळतं?

सुट्टीच्या दिवशी सकाळी सूनबाई आंघोळ करून बाहेर आली ती भिंत धरतच आली. खुर्चीत बसली, श्वास घेतला, आणि म्हणाली, "बाबा, ती फळी काढा. खिडकी बुजवल्यापासून घरात एक डोकं धड नाही."

"डोकी आधीपासूनच धड नव्हती," काका म्हणाले. "खिडकीला कशाला बदनाम करतेस?"

"मी काढते. हातोडी कुठे आहे?"

"हातोडी आत आहे. आणि आत आता मी चाललो. भरपूर गरम पाण्याने आंघोळ करतो आणि टुणटुणीत बाहेर येऊन दाखवतो. मग बोल!"

"बाबा, हट्ट करू नका."

"हट्ट? बघतोच आज आधी कोण ठोठावतं ते!"

"मी कोणाच्याच बाजूने नाही," मुलगा चष्मा पुसत म्हणाला.

"तुला विचारलंय कोणी?" दोघं एकदम ओरडले.

दार धाडकन लागलं. मी कोयंड्यात गेले. काकांनी गिझर पूर्ण सोडला आणि गोणपाटाची गुंडाळी पायाने फटीत नीट सारली.

पहिला काही वेळ नेहमीसारखा गेला. "सूनबाई!" आतून काका गरजले. "डोकं तापलं असेल तर मनगटावर गार पाणी सोड! उतारा पडतो!"

"मनगट नाही, हात शिवशिवतोय माझा!" बाहेरून उत्तर आलं.

काका हसले. मग त्यांनी आणखी एक वाक्य सुरू केलं आणि ते अर्ध्यावर विसरले. हाताने भिंत चाचपडली. ते स्टुलावर बसले, बसल्या बसल्या एका बाजूला कलले, आणि बादलीसकट जमिनीवर कोसळले. मोठा आवाज झाला.

"ऐकलंत?" बाहेर सूनबाई म्हणाली. "बादली फेकली."

"बादली पहिल्यांदाच फेकली," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "चांगलेच चिडलेत."

मित्रांनो, मी आतल्या बाजूला होते. मला दिसत होतं. ज्या घरात रोज काही ना काही आपटतं, तिथे माणूस पडला तरी तो आवाज रागाचाच वाटतो. काकांचा गाल ओल्या फरशीवर टेकला होता. तोंड उघडं होतं. माझी दांडी इंचभर मागे सरकली असती तर दार उघडलं असतं. पण कडीला स्वतःहून सरकता येत नाही. तिला माणसाचा हात लागतो. आणि तो हात खाली पालथा पडला होता.

सूनबाईने नियमाप्रमाणे उत्तर दिलं. पातेलं दारावर येऊन आदळलं. आतून काही नाही. मग झाकण आलं. मग खुर्चीवरची उशी, मग उशीमागून खुर्ची. आतून काही नाही.

तिने तवा उचलला आणि थांबली.

"आई," ती म्हणाली, "बाबा उलट बोलले नाहीत."

काकूंच्या हातातली भाजी खाली पडली. "उभ्या जन्मात असं झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

"डाव असेल त्यांचा," मुलगा म्हणाला. पण त्याचा आवाज त्यालाच खरा वाटला नाही.

सूनबाई दाराशी आली. तवा खाली ठेवला. आणि त्या घरात कधीही न हरलेल्या त्या बाईने बोटांच्या पेरांनी, अगदी हळू, दार ठोठावलं.

"बाबा, मी हरले. माझं चुकलं. उघडा."

पाणी वाहत होतं.

"बाबा, ऐकलंत का? मी हरले म्हणते! अहो, बाहेर येऊन हसा तरी!"

मग जे झालं, तसा मार मी भट्टीतून निघतानाही खाल्ला नव्हता. आधी मुलाने दारावर खांदा मारला. तो चेंडूसारखा मागे उडाला, चष्मा फुटला. लांब स्क्रू आणि लोखंडी पट्टी दोन्ही जागच्या जागी. हातोडी आत होती. सूनबाईने स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा लोखंडी बत्ता आणला, दोन्ही हातांत धरला आणि घातला. पहिल्या घावात दाराची फळी तडकली.

"हा त्या खिडकीचा!" ती ओरडली. दुसरा घाव. "हा माझ्या चहाला पांचट म्हणालात त्याचा!" तिसऱ्या घावात माझी दांडी वाकली. "हा माझ्या बहिणीसमोर माझ्या भाजीतलं मीठ काढलंत त्याचा! हा रोज पहाटे रेडिओ लावता त्याचा!" लाकडाच्या ढलप्या उडत होत्या. तिच्या तळहातांची सालं निघाली होती, बत्त्यावर रक्ताची बोटं उमटली होती. इतक्या वर्षांचा राग तिने एकेक करून बाहेर काढला आणि माझ्या अंगावर घातला. मी टिकून होते. मला टिकायचं नव्हतं. मित्रांनो, आपल्या मजबुतीची लाज वाटण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

"आणि हा," तिचा आवाज फाटला, "मेलात तर याद राखा, त्याचा!"

चौकट उभी चिरली. स्क्रू मुळासकट उपटून निघाले. मी हवेत उडाले, समोरच्या आरशावर आदळले, आणि आरशाच्या तुकड्यांबरोबर खाली आले. दार माझ्यामागोमाग उघडलं.

"श्वास धर! आत थांबू नकोस!" काकू किंचाळल्या. सूनबाई तोंड मिटून आत घुसली, काकांचे दोन्ही पाय धरले आणि पिठाचं पोतं ओढावं तसं त्यांना ओढत नेलं. उंबरठ्यावर त्यांचं डोकं ठक्कन आपटलं आणि काका कण्हले. त्या घरात त्याहून गोड आवाज कधी कोणी ऐकला नसेल. मुलाने धडपडत जाऊन गिझरचा सिलिंडर बंद केला. गॅलरीचं दार घट्ट अडकून बसलं होतं, ते उघडेना, तेव्हा काकूंनी खाली पडलेला तवा उचलून त्याच्या काचेतून आरपार फेकला. गार वारं घरात शिरलं. सुरीसारखं कापणारं तेच वारं काकांच्या छातीत गेलं आणि ती वर उचलली.

मग रुग्णवाहिका आली. दवाखान्यात काय झालं ते मी नंतर ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी काकांना ऑक्सिजन लावला आणि बाकीच्यांना समोर उभं करून झापलं. गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या खोलीत तो धड जळत नाही, आणि त्यातून एक विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पाय गळतात, मग माणूस झोपल्यासारखा जातो. "घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं की बाम शोधायचा नसतो, खिडकी उघडायची असते," त्या म्हणाल्या. काकांनी मास्क उचलून त्यांना काहीतरी उपाय सांगायचा प्रयत्न केला. परिचारिकेने मास्क परत बसवला. जरा जोरातच बसवला म्हणतात.

काका घरी आले ते थेट मोडलेल्या चौकटीसमोर गेले.

"आधी कोणी ठोठावलं?" त्यांनी विचारलं.

"मी," सूनबाई म्हणाली. तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"म्हणजे तू हरलीस."

"हरले."

काकांनी मान हलवली. मग कोनाड्यातली हातोडी घेतली, स्टुलावर चढले आणि खिडकीवरच्या फळीला मारायला सुरुवात केली. फळी निघाली, खाली पडली. ते खाली उतरले आणि पडलेल्या फळीला मारत राहिले. तिचे तुकडे झाले, तुकड्यांच्या चिपा झाल्या, तरी मारत राहिले. कोणी अडवलं नाही. हात थकला तेव्हा ते फरशीवरच बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "यापुढे माझं तोंड बंद पडलं तर वाट बघत बसू नकोस."

"ते बंद पडायचीच वाट बघत होते इतकी वर्षं," ती म्हणाली, आणि पट्टी बांधलेल्या मनगटाने डोळे पुसले. "आता उठा. फरशी गार आहे."

आता गिझर गॅलरीत, उघड्यावर लावला आहे आणि नळीने गरम पाणी आत येतं. खिडकी उघडी असते. दाराला नवी कडी आहे, चकचकीत आणि नाजूक. तिला बाहेरून नाणं घालून फिरवलं की ती उघडते. आमच्या काळी याला फितुरी म्हणायचे. आता मी तसं म्हणत नाही. भांडणं पूर्वीइतकीच होतात, पण एक पोटनियम वाढला आहे. आतल्याने मधून मधून शिवी द्यायची. शिवी आली नाही, तर बाहेरचा लगेच दार उघडतो आणि त्यात कोणी हरत नाही.

मी वाकडी झाले आहे. काकांच्या "कधीतरी लागेल" या डब्यात पडून असते. कधीतरी लागणार नाही हे मलाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. पण मित्रांनो, माझं एवढं ऐका. गॅस जळतो तिथली खिडकी कितीही थंडी असली तरी बुजवू नका. डोकं दुखलं तर आधी हवेत या. घरात म्हातारं माणूस असेल किंवा लहान मूल असेल, तर दाराला अशी कडी लावा जी बाहेरूनही उघडेल. भांडा, खुशाल भांडा, पण समोरचा उलट बोलेनासा झाला, की तो हरला असं समजू नका. जाऊन दार ठोठावा. हरलात तर हरलात. मजबूत असणं चांगलं, पण वेळेला उघडणं त्याहून चांगलं, हे मला शिकायला अख्खी चौकट मोडावी लागली. तुम्हाला ते फुकट सांगते आहे.

आणि जाता जाता, या डब्याचं झाकण उघडलंच आहे तर माझ्या डाव्या बाजूचा तो वाकडा खिळा तेवढा जरा पलीकडे सरकवाल का? फार टोचतो.